कार्बोरेटरची पेट्रोलगळती काढण्याआधीची तयारी

जुन्या येझदीच्या, आरएक्स 100 च्या किंवा बुलेटच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकू लागले की हात लगेच स्क्रूड्रायव्हरकडे जातो. तो आधी आवरावा, कारण कार्बोरेटर उघडला की गळती नेमकी कुठून होत होती याचा माग पुसला जातो. म्हणून पहिली तयारी निरीक्षणाची आहे. इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर लावावी, कॉक (टाकीखालचा पेट्रोलचा नळ), नळी आणि कार्बोरेटर कोरडे पुसावेत, खाली वर्तमानपत्र अंथरावे आणि इंजिन सुरू न करता कॉक उघडून पहिला थेंब कुठे धरतो ते पाहावे. नळीच्या टोकाशी ओल दिसली तर नळी आणि क्लिप बदलून काम भागते. फ्लोट बाऊलच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीच्या, सांध्यावर दिसली तर गॅस्केट (सांध्यातील पातळ पट्टी) किंवा वाकलेली कड कारणीभूत असते. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, नळीतून धार लागली तर मात्र दोष आत, म्हणजे फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ भाग), नीडल (फ्लोट वर आला की पेट्रोल बंद करणारी सुई) किंवा तिची सीट (सुई टेकते ती जागा) यांत आहे असे धरून चालावे.

जागा निवडताना पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते हे विसरू नये. बंद खोली, गॅस गिझर किंवा देवघरातील दिवा जवळ असलेला व्हरांडा या कामाला चालणार नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांपुढे जातो आणि पेट्रोल झपाट्याने उडते, म्हणून त्या दिवसांत हे काम सकाळी लवकर, मोकळ्या सावलीत करावे. बॅटरीची तार काढून ठेवावी आणि जवळ कोरडी वाळू किंवा पावडरचे अग्निशामक असावे; पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचे नसते.

सुटे भाग आणण्यापूर्वी कार्बोरेटरच्या अंगावर उमटवलेला क्रमांक वाचून त्याचा फोटो घ्यावा. एकाच मॉडेलवर वेगवेगळ्या काळात वेगळे कार्बोरेटर बसलेले असतात, शिवाय आधीच्या मालकाने बदलला असण्याचीही शक्यता असते. नीडल आणि सीट जोडीनेच घ्यावी. नीडलच्या टोकाभोवती झिजेची वर्तुळाकार रेघ दिसत असेल तर ती पुन्हा बसवण्यात अर्थ नाही, कारण त्या खाचेतून पेट्रोल झिरपतच राहते. नळी, ओ-रिंग आणि गॅस्केट इथेनॉल सहन करणाऱ्या रबराचे मागावे. देशात 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळू लागले (आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांतही इथेनॉल तयार होते), आणि जुन्या गाड्यांतील मूळ रबर त्यासाठी बनवलेले नसल्याने फुगते, कडक होते किंवा चिरते. गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. पेट्रोलमध्ये त्याचे तुकडे सुटून थेट जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या तोटीत) अडकतात.

फ्लोटची परीक्षा घरीच होते. तो कानाजवळ हलवून आत पेट्रोल डुचमळते का ते ऐकावे. पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवावा, छिद्र असल्यास तेथून बुडबुडे येतात. हे पाणी चुलीपासून दूर, वेगळ्या भांड्यात घ्यावे. आत पेट्रोल शिरलेल्या फ्लोटला डाग देणे धोक्याचे आहे, नवा घ्यावा. फ्लोटची उंची त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावी आणि मोजायला व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) ठेवावा, अंदाजाने फ्लोटची जीभ (नीडलला टेकणारी पत्री) वाकवू नये.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग पेट्रोलची टाकी आहे. टाकीतील गंजाचा एक कण नीडल आणि सीट यांच्यामध्ये अडकला तरी नवी जोडीसुद्धा गळते, आणि मालक उगाच कार्बोरेटरला दोष देत राहतो. म्हणून झाकण उघडून टॉर्चने आत पाहावे, पण दिवा किंवा काडी कधीही जवळ नेऊ नये. कॉकची जाळी काढून स्वच्छ करावी, आणि गंज जास्त असेल तर टाकी साफ होईपर्यंत कार्बोरेटरला हातच लावू नये.

हत्यारांत स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा स्क्रूड्रायव्हर हवा, कारण बाऊलचे जुने स्क्रू चटकन घासले जातात. जेट तारेने टोचू नयेत, हवेने फुंकून साफ करावेत. पुसायला आपल्या सोलापूरचे टॉवेल कितीही हाताशी असले तरी ते वापरू नयेत. त्यांचे तंतू सुटतात. जुने धुतलेले, गुळगुळीत सुती कापड बरे. काढलेले पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे, गटारात ओतू नये.

आता इंजिन. गळती बरेच दिवस चालू असेल तर पेट्रोल आत उतरलेले असू शकते. बुलेटसारख्या चारस्ट्रोक गाडीचे ऑइल काढून वास घ्यावा, पेट्रोलचा वास आल्यास ते बदलल्याशिवाय किक मारू नये. जुनी येझदी किंवा आरएक्स 100 अशा टूस्ट्रोक गाडीचा प्लग काढून, त्याची टोपी दूर ठेवून, सावकाश किक फिरवावी म्हणजे साचलेले पेट्रोल बाहेर पडेल. जोडणी झाल्यावर कॉक उघडून अर्धा तास कोरड्या कागदावर पुन्हा पाहावे, आणि पहिली फेरी जवळच्या होटगी रस्त्यापर्यंतच ठेवावी. तुळजापूर-अक्कलकोटचा बेत त्यानंतर, परत आल्यावर कागद कोरडा राहिला तरच आखावा.