गाव सोडून शहरात: संथ व्हिएतनामी चित्रपट कसा पाहावा

भाताच्या खाचरांतून उठून कारखान्यात, बाजारात किंवा बांधकामावर कामाला आलेल्या माणसांवरचे व्हिएतनामी चित्रपट बहुधा सावकाश चालतात. पहिल्या अर्ध्या तासात कोणी भांडत नाही, रडत नाही. एक बाई खोलीचे कुलूप उघडते, पाय धुते, भाताचा कुकर लावते आणि चटईवर बसून राहते. इथेच पुष्कळ प्रेक्षक उठून जातात. त्यांचा धीर कमी पडतो असे मला वाटत नाही. काय पाहायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि म्हणून थोडी पूर्वतयारी करून बसावे असा माझा आग्रह आहे.

सर्वांत आधी ही माणसे गाव का सोडतात ते समजून घ्यावे. १९८६ च्या डिसेंबरात व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाने 'दोइ मोइ' म्हणजे नूतनीकरणाचे आर्थिक धोरण स्वीकारले आणि १९८८ पासून सामूहिक शेतीची जमीन कुटुंबांना कसायला मिळू लागली. उत्तरेकडच्या लाल नदीच्या खोऱ्यात मात्र वस्ती इतकी दाट आहे, की एका घराच्या वाट्याला काही 'साव'च जमीन येते, आणि तिथला एक साव म्हणजे अवघे ३६० चौरस मीटर. एवढ्या जमिनीवर घरचा भात होतो, पण मुलांची फी, औषधपाणी आणि घराची दुरुस्ती भागत नाही. म्हणून लावणी आणि कापणी यांच्या मधल्या काळात बायका हनोईला जाऊन भंगार गोळा करतात, फळे विकतात, घाऊक बाजारात रात्री हमाली करतात आणि कापणीला परततात. चित्रपटातली नायिका अचानक चार दिवस शहरातून दिसेनाशी झाली तर गोंधळून जाऊ नये. बहुधा गावात भात कापणीला आलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे 'हो खाउ', अर्थात कुटुंबाच्या रहिवासाची नोंद. १९६४ पासून ही नोंद माणसाला त्याच्या गावाशी बांधून ठेवत आली. शहरात पंधरा वर्षे राबलेल्या माणसाची नोंद गावातच असेल, तर मुलाला सरकारी शाळेत जागा मिळवण्यापासून प्रत्येक ठिकाणी अडायचे. नवा रहिवास कायदा १ जुलै २०२१ ला लागू झाला आणि २०२३ च्या प्रारंभापासून कागदी पुस्तिकेची वैधता संपली. त्याआधीच्या काळातल्या कथेत मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली ती पुस्तिका दिसली, की सावरून बसावे. मूल आजी-आजोबांजवळ का राहिले, याचे अर्धे उत्तर त्या पिशवीत असते.

चित्रपट सुरू झाल्यावर आपण देशाच्या कोणत्या भागात आहोत हे लवकर ओळखावे, कारण उत्तरेचे आणि दक्षिणेचे स्थलांतर वेगळे आहे. तेत, म्हणजे चांद्र नववर्ष, जवळ आले असेल तर फुले पाहावीत: गुलाबी पीचची फांदी असेल तर उत्तर, पिवळे माइ असेल तर दक्षिण. भंगारवालीची हाक 'दोंग नात' अशी ऐकू आली तर उत्तर, 'वे चाय' अशी आली तर साइगॉनकडचा, म्हणजे आजच्या हो ची मिन्ह शहराकडचा भाग. उत्तरेतली माणसे बहुधा हनोईला किंवा बाक निन्ह, बाक ज्यांग इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जातात; दक्षिणेत मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातले आणि मध्य व्हिएतनाममधले लोक साइगॉन, बिन्ह झुओंग आणि दोंग नाय इथल्या बूट, कपडे आणि लाकडी सामानाच्या कारखान्यांकडे वळतात. १ जुलै २०२५ ला प्रांतांची फेररचना होऊन बिन्ह झुओंग हा प्रांत हो ची मिन्ह शहरात विलीन झाला, पण पडद्यावरची माणसे जुनेच नाव घेतील.

आता ज्या गोष्टीकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन, ती म्हणजे संबोधने. व्हिएतनामी बोलण्यात रोजच्या वापराला 'मी' आणि 'तू' असे सुटे शब्द जवळजवळ नाहीतच. माणूस स्वतःला आणि समोरच्याला नात्याच्या शब्दांनी संबोधतो. वयाने मोठी बाई 'ची', मोठा पुरुष 'आन्ह', आणि त्यांच्याशी बोलणारा धाकटा स्वतःला 'एम' म्हणतो. इंग्रजी सबटायटल्समध्ये हे सारे गळून पडते आणि नुसते 'मी' व 'तू' उरतात. मराठी प्रेक्षकाने तिथे मनातल्या मनात 'ताई', 'दादा' घालावे; आपल्या कानाला ते मुळीच अवघड जात नाही. समजा, शिलाईच्या लाइनवरची मुलगी मुकादम बाईला रोज 'ची' म्हणते आणि स्वतःला 'एम'. एके दिवशी पगारातून हजेरी भत्ता कापला जातो, कारण ती आजीच्या अंत्यविधीला गेली होती. ती मुकादमापाशी जाते, आवाज चढवत नाही, फक्त स्वतःसाठी 'एम'ऐवजी 'तोइ' हा कोरडा, नाते नसलेला शब्द वापरते. सबटायटलमध्ये काहीच बदललेले नसते. दृश्यात मात्र नाते तुटलेले असते, आणि मुकादम मान वर करून का पाहते ते ज्याने शब्द ऐकला त्यालाच कळते. तसेच, 'आन्ह' आणि 'एम' हीच जोडी नवरा-बायको आणि प्रेमिकही वापरतात, त्यामुळे दोन सहकाऱ्यांमधले 'आन्ह' कधी हळुवार झाले ते स्वरावरूनच ओळखावे लागते. दक्षिणेत थोरल्या अपत्याला 'हाय', म्हणजे 'दुसरा' किंवा 'दुसरी', म्हणतात. सबटायटलमध्ये 'दोन नंबरची बहीण' असे काही वाचले तर ती थोरली आहे, आणि घरी पैसे पाठवण्याचा भार बहुधा तिच्यावरच आहे, हे ध्यानात ठेवावे.

त्यानंतर खोली पाहावी. स्थलांतरितांच्या भाड्याच्या खोल्या, ज्यांना 'न्या त्रो' म्हणतात, एका ओळीत बांधलेल्या असतात: पत्र्याचे छप्पर, समोर अरुंद बोळ, आत फरशीवर चटई, वर झोपायला माळा, आणि रात्री आत घेतलेली मोटारसायकल, जिच्यामुळे दोन माणसांना एकमेकांना वळसा घालावा लागतो. दिग्दर्शक कॅमेरा दारात ठेवून तीन मिनिटे हलवत नाही, तेव्हा कंटाळून घड्याळ पाहण्याऐवजी खोलीतल्या वस्तू मोजाव्यात. भिंतीवर पूर्वजांसाठी उदबत्तीची फळी आहे की नाही? पुष्कळदा नसते, कारण ती गावच्या घरात असते, आणि इथे मांडण्याचा अर्थ इथेच राहणार असा होईल. एका चित्रपटात शेवटाकडे नायिका कपाटावरचे सामान बाजूला करून एक फोटो आणि उदबत्तीची वाटी ठेवते. मी ते पहिल्यांदा पाहिले तेव्हा फळीच्या अभावाकडे आधी लक्षच दिले नव्हते, आणि ते दृश्य माझ्या हातून निसटले. दुसऱ्यांदा पाहताना गळा दाटून आला.

पैशाचा हिशोब मनात असू द्यावा, कारण नोटा मोजण्याची दृश्ये या चित्रपटांत वारंवार येतात. किमान वेतन देशात चार विभागांनुसार ठरते. १ जुलै २०२४ पासूनच्या दरांप्रमाणे मोठ्या शहरांच्या पहिल्या विभागात ते महिना ४९ लाख ६० हजार दोंग होते आणि चौथ्या विभागात ३४ लाख ५० हजार. सर्वांत मोठी नोट पाच लाख दोंगची, म्हणजे महिन्याच्या किमान पगाराचा साधारण दहावा हिस्सा. अशी एक नोट कोणी गावाला जाणाऱ्या माणसाच्या हाती दुमडून देत असेल, तर तिचे वजन त्या प्रमाणात समजून घ्यावे. मूळ पगार पुरत नाही म्हणून कामगार 'तांग का', म्हणजे ओव्हरटाइम, मागून घेतात. तो बंद झाल्याची बातमी त्यांच्यासाठी विश्रांतीची नसते.

संथपणाबद्दल एवढेच सांगतो, की चित्रपट दीडपट वेगाने पाहू नये. कामगाराचा दिवस वाट पाहण्याचा असतो: पाळी संपण्याची, पगाराच्या तारखेची, रात्री मूल फोनवर येण्याची. ती वाट कापून टाकली तर कथानक म्हणून जे उरेल ते चार ओळींचे असेल. शक्य असेल तर हेडफोन लावावा, कारण बाहेरचा बराच भाग आवाजातून येतो: पत्र्यावरचा पाऊस, शेजारच्या खोलीतली कराओके, पहाटे पाळीला निघालेल्या मोटारसायकली. व्हिएतनाममध्ये चित्रपट दाखवण्याआधी सरकारी परवाना लागतो, त्यामुळे काही गोष्टी पात्रे बोलतच नाहीत. अशा ठिकाणी कॅमेरा कुठे थांबतो ते पाहावे.

शेवटी बहुधा रस्ता येतो. बहुतेक कथांत तो तेतचा असतो, पण १ ऑक्टोबर २०२१ ला साइगॉनमधली टाळेबंदी सैल होताच हजारो कुटुंबे मोटारसायकलींवरून गावाकडे निघाली, आणि त्यानंतरच्या कथांत ती आठवणही मिसळते. या दोन प्रवासांतला फरक मागच्या सीटवर दिसतो. तेतला जाणाऱ्याच्या गाडीवर भेटींचे डबे आणि मुलांचे नवे कपडे असतात. कायमचे परतणाऱ्याच्या गाडीवर पंखा, भाताचा कुकर आणि गुंडाळलेली चटई बांधलेली असते. दिग्दर्शक हे शब्दांत सांगणार नाही, म्हणून शेवटच्या दृश्यात चेहऱ्याआधी दोरीने काय बांधले आहे ते पाहावे.