चवथीला घरी पोकर स्पर्धा: आठ जणांचा डाव, पैशांविना

चवथीला पत्ते निघतातच. मांडवीतल्या कॅसिनो बोटींवर गोमंतकीयांना २०२० पासून मज्जाव आहे. पैसे लावून घरी खेळलात तर तो जुगारच. बक्षीस पातोळ्यांचे ठेवा.

प्रत्येकाला ३००० चे चिप्स (पैशांऐवजी वापरायच्या चकत्या): २५ चे १२, १०० चे १२, ५०० चे ३. ब्लाइंड, म्हणजे पाने बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायचे लहान-मोठे दाव, २५-५० पासून. दर वीस मिनिटांनी वाढवा: ५०-१००, ७५-१५०, १००-२००, २००-४००, ३००-६००, ५००-१०००. चौथ्या टप्प्यावर २५ चे चिप्स बदलून घ्या. त्यासाठी १०० चे २४ वेगळे ठेवा. ब्लाइंड वाढवायला विसरलात, की आरती झाली तरी डाव संपत नाही.

विजेता शेवटचा चिप जिंकणाराच. लास व्हेगासच्या पोकर विश्वमालिकेत १९७० साली जॉनी मॉसला मतदानाने निवडले होते. पुढच्या वर्षापासून चिप्स संपले की बाद, ही पद्धत आली.

सगळे चिप्स लावताना 'ऑल-इन' तोंडाने म्हणायचे, हा नियम आधीच सांगा. १९८२ च्या विश्वमालिकेत एक डाव हरल्यावर जॅक स्ट्रॉसकडे ५०० चा एकच चिप नॅपकिनखाली उरला होता, असे सांगतात. तो 'ऑल-इन' म्हणाला नव्हता, म्हणून खेळत राहिला आणि जिंकलाही!

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे चांगली पाने आली की घाईने मोठा दाव लावणे. समोरचे लगेच पाने टाकतात. १९८८ च्या विश्वमालिकेतल्या शेवटच्या डावात जॉनी चॅनकडे गुलाम-नव्वी होती, मेजावरच्या सामाईक पानांत राणी, दश्शी, अठ्ठी. सलग पाच जुळलेले असूनही तो गप्प बसला. एरिक सायडेलने राणीच्या जोडीवर सगळे लावले आणि हरला.