वेबसाइटसाठी मराठीत लिहायला लागलात? या चुका टाळा

‘सातबारा ऑनलाइन कसा काढायचा’ या विषयावर नव्या लेखकांनी पाठवलेले लेख मी बरेच तपासलेत. बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते: “आजच्या धावपळीच्या डिजिटल युगात प्रत्येक शेतकऱ्यासाठी सातबारा हा अत्यंत महत्त्वाचा दस्तऐवज आहे.”

हे वाचणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. पीककर्जाचे कागद घेऊन तो बँकेत उभा आहे, मोबाईलला जेमतेम रेंज आहे. सातबारा महत्त्वाचा आहे हे त्याला कळतंच, म्हणून तर तो शोधतोय. त्याला हवंय ते एवढंच: महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर फुकट दिसणारा, सही नसलेला उतारा फक्त माहितीपुरता असतो. बँकेत किंवा सरकारी कामाला डिजिटल सहीचा उतारा लागतो, तो वेगळ्या पोर्टलवर मिळतो आणि एका उताऱ्याला १५ रुपये पडतात. ही दोन-तीन वाक्यं पहिल्याच परिच्छेदात हवीत. नवे लेखक ती सहाव्या परिच्छेदात टाकतात, आणि त्याआधी सातबाऱ्याचा इतिहास, व्याख्या, फायदे. गाव नमुना सात म्हणजे मालकी हक्काची नोंद आणि बारा म्हणजे पिकांची, हे जरूर सांगा, पण त्याचं काम झाल्यावर.

दुसरी चूक मला जास्त लागते, कारण ती भाषेलाच पोखरते. मनात इंग्रजी वाक्य जुळवायचं आणि मराठीत उतरवायचं, किंवा सरळ मशीनकडून भाषांतर करून घ्यायचं. मग असं होतं: “पुढे जाण्यापूर्वी तुमच्याकडे तुमचा गट क्रमांक असल्याची खात्री करा.” असं कोण बोलतं? “गट नंबर हाताशी ठेवा.” झालं. “शासनाद्वारे उपलब्ध करून देण्यात आलेली सुविधा” म्हणजे “सरकारने दिलेली सोय”. “हे लक्षात घेणे आवश्यक आहे की” दिसलं की खुशाल खोडा, वाक्याचं काही बिघडत नाही. हिंदीचंही तसंच. “माझी मदत करा” नको, “मला मदत करा” म्हणा. लिहून झालं की लेख घरात कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. जिथे जीभ अडखळेल तिथे वाक्य मोडा.

शुद्धलेखनात एकच गोष्ट आज सांगते, कारण ती रोज दिसते: ‘शेतकर्यांना’. योग्य रूप ‘शेतकऱ्यांना’. या ऱ्याला अर्थ आहे. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी येतील आणि ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी. त्यात एक तांत्रिक मेखही आहे. हा ऱ्य युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या मोबाईल-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकतर खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला य जोडायचा, नाहीतर साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण एका तऱ्हेने शोधलेला शब्द दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेला असेल तर बऱ्याचदा सापडत नाही. ‘शोधा आणि बदला’ वापरूनही काही शब्द तसेच राहत असतील तर कारण बहुधा हेच. संपूर्ण लेखात एकच पद्धत ठेवा, शक्यतो टिंबाच्या ऱ ची.

आणि संपादक कळवतो की ‘फाइलमध्ये सगळी अगम्य अक्षरं आलीत’, तेव्हा लेख श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला असतो. वेबसाइटला युनिकोडच लागतं. कन्व्हर्टरने बदलता येतं, पण नंतर जोडाक्षरं आणि ऱ्हस्व-दीर्घ एकेक करून तपासा.

उचलेगिरीबद्दल फार लिहीत नाही, ती करायची नाही हे सगळ्यांना माहीत असतं. फक्त दोन गैरसमज दूर करते. शब्द इकडचे तिकडे केले की लेख आपला होत नाही. आणि गुगलवर सापडलेला फोटो फुकटचा नसतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या लेखनावर हक्क राहतो. माहिती मात्र कोणाच्या मालकीची नसते: ती मूळ ठिकाणी जाऊन बघा आणि आपल्या शब्दांत मांडा.

मूळ ठिकाणी न जाणारा लेखक पकडलाही जातो. जुन्या लेखावरून उतरवलेल्या लेखात महसूल विभागांच्या यादीत अजून ‘औरंगाबाद’ असतं, आणि २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं याचा पत्ता नसतो. बोलताना लोक तलाठीच म्हणतात, म्हणून दोन्ही शब्द द्या. वाचणारा ‘तलाठी’ टाकून शोधेल आणि कार्यालयात गेल्यावर त्याला पाटीवर दुसरं नाव दिसेल.

लेख पाठवण्याआधी स्वतः ते पोर्टल उघडा. जिल्हा, तालुका, गाव निवडा, आपल्याच घरच्या जमिनीचा उतारा काढून बघा. कुठलं बटण कुठे आहे, कॅप्चा कितव्या वेळी चालला, पैसे कापले गेले आणि उतारा उघडला नाही तर पुढे काय दिसतं, हे टिपून ठेवा. मग लेखाच्या वर तारीख टाका: ‘ही माहिती अमुक दिवशी तपासली.’ शुल्क बदललं की पहिल्यांदा शुल्काची ओळ शोधून दुरुस्त करा आणि वरची तारीखही बदला.