ई-पीक पाहणी: या चुका टाळा, नाहीतर तूर घरीच राहील

15 ऑगस्ट 2021 पासून महाराष्ट्रात सातबाऱ्यावरचा पीकपेरा, म्हणजे कोणतं पीक किती जागेत पेरलं ती नोंद, कास्तकारानं स्वतः फोनवरून सरकारच्या 'ई-पीक पाहणी' ॲपमध्ये भरायचा झाला. तेव्हापासून दर खरिपात चुका त्याच त्या, आणि त्या कळतात माल विकायला काढल्यावर.

सगळ्यात महाग पडते तुरीची चूक. आपल्याकडे नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापूस, कोण पेरतं? आठ ओळी पऱ्हाटी, दोन ओळी तूर, असंच वावर असतं. ॲपमध्ये पीक वर्ग विचारला की घाईतला माणूस 'निर्भेळ पीक', म्हणजे एकच पीक, दाबतो, कापूस निवडतो, वावराची पूर्ण आराजी (क्षेत्र) टाकतो आणि मोकळा होतो. दिवाळीपर्यंत काहीच बिघडत नाही, कापूसही खपतो. जानेवारीत तूर निघते, हमीभावाच्या नोंदणीसाठी सातबारा काढला जातो, आणि पीकपेऱ्यात तुरीचं नावच नसतं. पाहणीची मुदत केव्हाच संपलेली. वर्षभर सांभाळलेली तूर मग व्यापारी म्हणेल त्या भावात द्यावी लागते. हे दर वर्षी घडतं, आणि कारण असतं वाचवलेली दोन मिनिटं.

म्हणून 'मिश्र पीक'च घ्या, आणि वाटणी आधी कागदावर करा. 4 एकराचं वावर म्हणजे साधारण 1.60 हेक्टर. दहा ओळींत दोन तुरीच्या, तर तूर 0.32, कापूस 1.28. बेरीज जुळली की मगच फोन हातात घ्या. ॲप एकर ओळखत नाही. तिथं 4 टाकलं तर ते 4 हेक्टर, 0.4 टाकलं तर एकच एकर. हमीभावानं किती क्विंटल घ्यायचे ते हेक्टरी ठरतं, त्यामुळे आराजी कमी भरली की तेवढी तूर परत येते. चूक लक्षात आली तर 48 तासांच्या आत दुरुस्त करा.

पिकाचा फोटो धुऱ्यावरून (बांधावरून) नको, पिकात उभं राहून काढा. वावरात रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठते, पण गावात येऊन अपलोड केल्याशिवाय नोंद होत नाही. हे निम्मे लोक विसरतात. सामाईक सातबारा असेल तर प्रत्येक भावानं आपापलं खातं भरायचं. गावातल्या पोराकडून भरून घेत असाल तर त्याच्या शेजारी बसा. मुदत हुकलीच, तर गावच्या पीक पाहणी सहायकाला लगेच गाठा.

दुसरी जुनी, दुखरी चूक सरकारी अनुदानाच्या पैशांची. "आधार तर बँकेत लिंक आहे," असं म्हणून लोक निर्धास्त राहतात. खात्याला आधार जोडणं वेगळं आणि अनुदानासाठी एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांचे पैशांचे व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे, बँक नोंदलेली असणं वेगळं. तिथं एका आधारावर एकच बँक राहते, शेवटी संमती दिलेली. सिमकार्डवाल्यानं बाजारात उभ्याउभ्या पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, अंगठा घेतला, की पीएम किसानचे 2000 तिकडे जातात. इकडे म्हातारा माणूस जुन्या बँकेच्या पासबुकावर महिनोन्महिने नोंदी मारत बसतो. बँकेत भांडण्याआधी आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' उघडा. बँकेचं नाव आणि ती चालू आहे की बंद, दोन्ही दिसतं. बँक बदलायची असेल तर हव्या त्या शाखेत जाऊन डीबीटीचा (अनुदान थेट खात्यात घेण्याचा) संमती अर्ज भरा, पोच घ्या आणि काही दिवसांनी तेच पान पुन्हा उघडून बघा.