हरणाच्या शिकारीसाठी स्कोप कसा निवडावा, कसा बसवावा

भारतात १९७२ च्या कायद्यानं शिकार बंद आहे, तेव्हा हे इथल्या, म्हणजे पेन्सिल्वेनियातल्या परवानाधारक मराठी मंडळींसाठी.

आमच्या दाट झाडीत व्हाइटटेल हरीण बहुधा शंभर यार्डांच्या आतच दिसतं. त्यासाठी रायफलवर २४ पटीची दुर्बीण (म्हणजेच स्कोप) मिरवून काय करायचंय? ३-९×४० (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिलीमीटरची) घ्या आणि चालताना ३ वरच ठेवा. जवळचं हरीण ९ वर पाहिलंत तर नुसती तपकिरी केसाळ भिंत दिसते. पैसे काचेवर घाला. दुकानातल्या दिव्यांत सगळेच स्कोप झकास. दिवेलागणीला बाहेर नेऊन सावलीतली फांदी ओळखू येते का बघा.

बसवताना रायफल रिकामी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) काढलेला. स्कोप धरणाऱ्या रिंगा सैल ठेवा, पट ९ वर. शिकारीचं जाड जॅकेट चढवा (हे कुणी करत नाही!), डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मग डोळे उघडा. पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत स्कोप पुढेमागे सरकवा. डोळ्यापासून साडेतीन इंच तरी हवेत, नाहीतर धक्क्यानं भुवई फुटलीच म्हणून समजा. स्क्रू आलटूनपालटून, थोडे थोडे आवळा.

मग २५ यार्डांवर नळीतून आरपार पाहून क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) जुळवा. पाव एमओएच्या (एमओए हे कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) स्कोपला इथे एक इंच सरकायला नॉबचे १६ क्लिक लागतात, १०० यार्डांवर चारच. नॉब फिरवायचा तो तीन गोळ्यांचा गट बघून, एकीवरून नाही. आणि काडतूस शिकारीला नेणार तेच वापरा.