या चुका टाळा: विरळ प्लाझ्मात लेझर पल्स सोडण्याआधी

लेझर आणि प्लाझ्माचं (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटलेल्या वायूचं) सिम्युलेशन शिकायला आलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी पल्सने इलेक्ट्रॉन बाजूला ढकलून केलेला प्लाझ्मातला बुडबुडा बघायचा असतो. राजेहो, आधी सिम्युलेशनच्या रिकाम्या डब्यात पल्स सोडा. प्लाझ्मा नाही, कण नाहीत, नुसती पल्स. कंटाळवाणं आहे खरं, पण माझा एक अख्खा मे महिना यापायी गेलाय.

प्रयोगवाल्यांनी आकडे पाठवले होते: तरंगलांबी ०.८ मायक्रॉन, पल्स १०० फेम्टोसेकंद, ए-झीरो (लेझरच्या जोराचं माप) १, स्पॉट (फोकसला पल्सचा ठिपका) २० मायक्रॉन, इलेक्ट्रॉनची घनता क्रांतिक घनतेच्या (जिच्यापुढे प्रकाश आत शिरत नाही तिच्या) ७००व्या भागाइतकी. मी इनपुटमध्ये पल्सची रुंदी ठरवणारं डब्ल्यू-झीरो = २० लिहिलं आणि रन लावला. नागपूरचा मे, बाहेर ४५ अंश, दोनदा लाइट गेली, दोन्ही वेळा चेकपॉइंटवरून (मध्येच साठवलेल्या स्थितीवरून) रन उठवला. पल्स आखडत गेली, ए-झीरो चढत गेलं. सेल्फ-फोकसिंग, प्लाझ्मात पल्स स्वतःच स्वतःला आखडते ते! आलेख छापून मी भिंतीवर लावला. तिकडे प्रयोगात पल्स मुकाट पसरत होती.

तीन आठवडे ग्रिडवर (डब्याच्या खणांच्या जाळीवर), कणांच्या संख्येवर, सीमांवर संशय घेतला. मग फोन केला: "ते २० म्हणजे नेमकं काय?" "एफडब्ल्यूएचएम, दुसरं काय?" म्हणजे तीव्रता निम्म्यावर येते तिथली पूर्ण रुंदी. डब्ल्यू-झीरो म्हणजे तीव्रता शिखराच्या साडेतेरा टक्क्यांवर उतरते तिथवरची त्रिज्या, एफडब्ल्यूएचएम तिच्या १.१८ पट. म्हणजे खरं डब्ल्यू-झीरो १७. सेल्फ-फोकसिंगचा उंबरठा १७ गिगावॉट गुणिले ७००, जवळपास १२ टेरावॉट. त्यांची पल्स ९.७ टेरावॉटची, उंबरठ्याच्या अलीकडे, माझी १३.४, पलीकडे. रिकाम्या डब्यातली ऊर्जा मोजली असती तर त्यांच्या १ ज्यूलऐवजी १.४ दिसले असते. दहा मिनिटांचं काम!

त्याच रनमध्ये पल्सचा वेगही मोजा. या घनतेला प्लाझ्मातली पल्स प्रकाशापेक्षा १४०० भागांत एका भागाने मागे पडते. तरंगलांबीला दहाच खण दिले तर ग्रिड स्वतःच तिला याहून जास्त रेंगाळायला लावू शकतं. मग पल्सच्या मागे उठणाऱ्या लाटेवर वेग घेणारे इलेक्ट्रॉन तिच्यापुढे लवकर निघून जातात, ऊर्जा कमी भरते, आणि पोरं त्यावर नवा सिद्धांत मांडायला बसतात. पल्सच्या दिशेने मी २५-३० खणांखाली उतरत नाही. "सर, रन फार वेळ घेतो." घेऊ दे.

हेलियमचा अणू दोन इलेक्ट्रॉन देतो. वायूची घनता तशीच इलेक्ट्रॉनची म्हणून टाकू नका. प्लाझ्माची कड भिंतीसारखी उभी नको, घनतेला हळूहळू चढ द्या. आणि द्विमितीय रनवरून टेरावॉटचा उंबरठा सांगू नका. तिथे पल्स दोनऐवजी एकाच आडव्या दिशेत आखडते.

उसनी इनपुट फाइल तर वाचल्याशिवाय चालवूच नका. विभागात एक जुनी फाइल अजून हातोहात फिरते, सगळे तिला "सरांची फाइल" म्हणतात. तिच्यात डब्ल्यू-झीरो २०च आहे.