व्हीलचेअर बास्केटबॉल सुरू करताय? आधी या चुका टाळा

पहिल्या दिवशी बहुतेक जण दवाखान्याची खुर्ची घेऊन मैदानावर येतात. मीही तशीच नेली होती. घडीची, हात टेकायला पट्ट्या, मागे ढकलायला दोन मुठी. अर्ध्या तासात एका वळणावर खुर्चीसकट आडवा झालो आणि हा खेळ आपल्याला झेपणारा नाही असं ठरवून घरी आलो. खुर्चीच चुकीची होती, हे कळायला आठ महिने गेले.

खेळाच्या खुर्चीची चाकं वर आत कललेली आणि खाली फाकलेली असतात, साधारण १५ ते २० अंशांत. त्यामुळे गर्रकन वळलं तरी तोल राहतो आणि समोरच्याची खुर्ची आदळली तरी बोटं चेपत नाहीत. मागे उलटू नये म्हणून पाठीमागे आणखी एखादं छोटं चाक असतं. पण लगेच विकत घेऊ नका. आधी दोन-तीन महिने सरावाच्या ठिकाणची खुर्ची वापरा, मग माप द्या. माप देताना आपली जुनी खोड आडवी येते: पोराला वाढत्या अंगाचं घ्यायचं! सैल खुर्चीत कंबर सरकते आणि हातांचा जोर वाया जातो. बूट बसावा तशी खुर्ची अंगाला बसली पाहिजे. कमरेचा आणि पायांचा पट्टाही आवळलेला हवा.

खुर्ची एका बाजूला ओढते अशी तक्रार घेऊन मेकॅनिककडे पळण्याआधी दोन्ही टायरांतली हवा बघा. मग पुढची छोटी चाकं उलटी करून बघा. आसाभोवती केस आणि दोरे गुंडाळलेले असतात. चिमट्याने काढले की निम्म्या खुर्च्या सुतासारख्या सरळ होतात. टायर बदलायचा झाला तर नुसतं ‘२४ इंची द्या’ म्हणू नका. सायकलचा २४ इंची टायर बहुधा ५०७ मिलिमीटर रिमचा असतो, व्हीलचेअरचा ५४० चा. दुकानदार जोर लावून बसवायला बघतो, आणि ट्यूब जाते. टायरच्या कडेला उठवलेला आकडा वाचा आणि तोच मागा.

खांदे हा दुसरा मोठा घोटाळा. नवखा माणूस भराभर छोटे झटके मारतो, आणि महिन्याभरात हात डोक्यावर नेणं अवघड होतं. लांब, सलग ढकला. हात सुटला की तो चाकाच्या कडीखाली सैल सोडा आणि अर्धवर्तुळ काढत पुन्हा वर आणा. हात चाकाच्या माथ्यावर ठेवला असता कोपरात १०० ते १२० अंशांचा कोन दिसला, तर बसण्याची उंची बरोबर आहे. ढकलण्याने छातीचे स्नायू आखडतात, म्हणून रबरी पट्टा खिडकीच्या गजाला अडकवून मागे ओढण्याचा व्यायाम रोज करा. कंटाळवाणा आहे, पण करा.

आता पाणी. प्रसाधनगृह नीट नसेल या भीतीने आमच्यातले कितीतरी जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग लघवीचा संसर्ग होतो आणि दोन आठवडे खेळ बंद. मैदान ठरवताना बास्केटची उंची विचारू नका, ती सगळीकडे ३.०५ मीटरच असते. प्रसाधनगृहाचं दार किती रुंद आहे ते विचारा. फाकलेल्या चाकांची खुर्ची अडीच फुटी दारातून जात नाही, म्हणून रोजची खुर्ची जवळ ठेवावीच लागते.

मणक्याच्या दुखापतीत इजेच्या खाली घाम नीट येत नाही. पुण्याच्या एप्रिल-मेमधे उन्हातल्या कोर्टावर हे जिवावर बेतू शकतं. इस्त्रीवाल्याकडे असते तशी फवारणीची बाटली सोबत ठेवा आणि मान, हात, चेहरा ओला करत राहा. मानेची किंवा छातीच्या वरच्या भागातली इजा असेल आणि अचानक डोकं ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, वरच्या अंगाला दरदरून घाम सुटला, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. अशा वेळी लोक चक्कर आली समजून माणसाला आडवं करतात. तसं मुळीच करू नका. ताठ बसवा, पट्टे सैल करा, लघवीची नळी मुडपली आहे का, पिशवी भरली आहे का बघा. लगेच उतरलं नाही तर थेट रुग्णालय गाठा.

सराव संपला की आरशात पार्श्वभाग आणि टाचा बघा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर तो भाग पूर्ववत होईपर्यंत त्यावर बसू नका. खेळतानाही दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून दाब हलका करा.

बास्केटबॉल जमत नाही म्हणून खेळच सोडणारेही भेटतात. पुण्यात राहणारे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग करायचे. १९६५ च्या युद्धात जखमी झाल्यावर ते टेबल टेनिसकडे वळले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये सुवर्ण मिळालं ते ५० मीटर पोहण्यात. टेनिसमध्येही आपल्याला चेंडूच्या दोन टप्प्यांची मुभा असते, तेही बघा.

घरच्यांसाठी एकच: पडलेल्या खेळाडूला उचलायला कोर्टात धावू नका. ‘काकू, थांबा, तो मागेल तेव्हा’ हे मी दर रविवारी कुणाला तरी सांगतो.

आणि हो, मोठी चाकं बटण दाबून निघतात, त्यामुळे खुर्ची रिक्षात मावते. उतरल्यावर रिक्षा सुटण्यापूर्वी चाकं मोजा. बालेवाडीहून माझं एक चाक एकटंच वाकडपर्यंत जाऊन आलंय.